दुपारी मान टाकणारा वेल

पाच वाजायच्या सुमारास चामराजपेटेतल्या चंद्राबाईच्या परसात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाया भिंतीला टेकून उभ्या, पुरुष भिंतीवर चढून बसलेले आणि उरलेसुरले शेजारच्या सकवारबाईच्या गच्चीवरून ओणवे झालेले. सगळ्यांचे डोळे एका भोपळ्याच्या वेलावर खिळले होते. वेल परसभर पसरला होता आणि पार मरणाला टेकला होता. सुपाएवढी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती, शेंडे मातीला लागले होते.

वेलापुढं पाटावर बळ्ळीस्वामी बसले होते. बळ्ळी म्हणजे कानडीत वेल. ही मूर्ती महिन्यापूर्वी आनेकल गावाकडून शहरात उतरली होती. त्या उन्हाळ्यात माणसं, गुरं, झाडं सगळी सुकली, स्वामी तेवढे टवटवीत.

"वेल म्हणजे जीव, जीव म्हणजे वेल. सरी ना?" स्वामींनी विचारलं.

"सरी, सरी!" म्हणजे बरोबर, बरोबर, असं गर्दी म्हणाली.

"सूर्य मारतो, देवी तारते. सरी ना?"

"सरी!"

"दक्षिणा ठेवायची तर जुनं नाणं ठेवा. ते नवे पैसे देवीला चालत नाहीत. तिला ते अजून ओळखू येत नाहीत. सरी ना?"

तेही सरीच होतं. सरकारनं त्याच महिन्यात नवे पैसे काढले होते, देवीपर्यंत बातमी पोचली नसावी.

मग स्वामींनी तांब्यातलं तीर्थ तीन ओंजळी वेलावर शिंपडलं आणि भजन धरलं. भजन चांगलं दीड तास चाललं. ऊन भिंतीवरून सरकत कौलांवर गेलं, कौलांवरून नाहीसं झालं, आणि दिवेलागणीला कुणीतरी ओरडलं, "उठला! अहो, वेल उठला!"

खरंच उठला होता. एकेक पान देठावर ताठ उभं होतं. बायांनी हात जोडले. चंद्राबाई दारातल्या बाजेकडं धावली आणि बाजेवरच्या पोरीचे पाय तिनं छातीशी धरले.

"वेल उठला, पोर उठेल!" स्वामी गरजले आणि जुनी नाणी गोळा करू लागले.

पोरीचं नाव मथुरा. वय अकरा. छातीत क्षय. हवा मिळावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिची बाज परसाच्या दारात टाकायला सांगितली होती. वर्षापूर्वी याच आजारानं तिचा बाप नागनाथ गेला. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण चंद्राबाईच्या मनात उशीर राहिला नाही, सुया राहिल्या. माणूस सुया टोचून घेत घेत गेला, एवढंच तिला दिसलं होतं. आता लेकीलाही रोज तीच सुई लागली होती. दिवसभर शिलाई मशीन चालवावं, पोरीचं अंग चेपावं आणि रात्री तिचा श्वास ऐकत पडावं. दुसरं कुणी नव्हतं. अशा बाईच्या दारात स्वामी आला नसता तरच नवल.

त्यानं पहिल्यांदा परसात पाऊल ठेवलं ते भर दुपारी दोन वाजता. माना टाकलेल्या वेलाकडं बोट करून म्हणाला, "अक्का, हा वेल पोरीच्या नावावर आहे. बघ, कसा मरतोय!" चंद्राबाईनं पाहिलं आणि तिला ते पटलं. संध्याकाळी त्यानंच वेल उठवून दाखवला आणि वर अट घातली. "सुई आणि देवी एका घरात नांदत नाहीत. सुई बंद. सकाळचं पाणी घाल, पण दुपारनंतर वेलाला थेंब नाही. माझं तीर्थ तेवढं."

सुई बंद झाली. त्याला आज वीस दिवस झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई दहा वर्षं परसात भाज्या काढतेय, तिला भोपळ्याचा वेल कळू नये? अहो, तिथंच तर मेख आहे! दरवर्षी वैशाखात दुपारी वेल माना टाकायचा, संध्याकाळी ती धुण्याचं पाणी आळ्यात ओतायची आणि वेल उठायचा. तिला वाटायचं, आपल्या पाण्यानं उठला. आता पाणी न घालता, नुसत्या तीन ओंजळींनी उठतो म्हटल्यावर तो चमत्कारच ठरला. आपल्या पाण्यावाचून, कुणाच्याच पाण्यावाचून तो उठतो का, हे बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

एकविसाव्या दिवशी स्वामी आलाच नाही.

पाच वाजले, साडेपाच वाजले. वेल मातीला लागलेला. मथुरेला ताप चढलेला, दोन्ही गाल लाल. चंद्राबाई डोक्यावर पदरही न घेता धावत सुटली. स्वामी उतरला होता त्या मठात गेली. तिथं कळलं, स्वामी कुणाच्या लग्नाला आनेकलला गेलेत, उद्या येतील. उद्या! ती मठाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. पोरीला उद्या दिसतो की नाही कोण जाणे, आणि हा लग्नाला गेलाय! मग अनवाणी तशीच परत फिरली.

दिवे लागले होते. परसात पाय ठेवायचा धीर होईना. डोळे मिटून तिनं दार लोटलं, आणि बघते तर वेल उभा.

"कोण आलं होतं गं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही," मथुरा म्हणाली. "उन्हं गेली आणि उठला."

सकवारबाईनं गच्चीवरून ऐकलं. "अगं चंद्रक्का, तिथूनच मंत्र घातला असेल! केवढी सिद्धी म्हणायची!"

चंद्राबाईचा जीव भांड्यात पडला. हो, तिथूनच. दुसरं काय? माणसाला एकदा मानायचं ठरलं की तो न आल्याचाही चमत्कार होतो.

"आई," मथुरा हळूच म्हणाली, "मग मास्तरांच्या वेलालाही तिथूनच मंत्र घातला का?"

"कुठल्या मास्तरांच्या?"

मथुरेनं बोट दाखवलं. पडक्या भिंतीपलीकडं भीमाचार्य मास्तरांचं परस होतं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा म्हातारा स्वामीला रोज मोठ्यानं शिव्या घालायचा. त्याच्याही आळ्यात भोपळा होता आणि त्या भोपळ्याचीही पानं ताठ उभी होती.

"तो पण रोज दुपारी मान टाकतो. आपल्यासारखाच. आणि रोज उठतो. त्याच्यावर तर कुणी तीर्थ टाकत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मी दिवसभर दुसरं काय बघते?"

चंद्राबाई बाजेच्या कडेला बसली. "मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

मथुरेनं चादरीचा काठ ओढला. "दिवसभर तू रडतेस. संध्याकाळी वेल उठला की तेवढी हसतेस. म्हणून नाही बोलले."

त्या वाक्यानं बाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिनं लेकीला कुशीत घेतलं, तर अंग तव्यासारखं तापलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांच्या दारात उभी राहिली. मध्यंतरी मास्तर समजवायला आले होते तेव्हा तिनं त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. त्यामुळं ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मास्तर, वेल का उठतो?"

मास्तर हसले नाहीत. "बस, अक्का. घाम येतो तसं पानांतून पाणी उडून जातं. भोपळ्याची पानं मोठी. भर उन्हात जितकं पाणी उडतं तितकं मुळांना ओढून पुरं पडत नाही, म्हणून पान लोंबतं. ऊन कललं की उडणं कमी होतं, मुळं भरून काढतात आणि पान उभं राहतं. सकाळचं पाणी जमिनीत असतंच. ते तो घालू देतो की नाही?"

"देतो."

"देणारच! ते बंद केलं तर वेल खरंच मरेल आणि धंदा बसेल. आणि दीड तास भजन कशाला? ऊन उतरेपर्यंत वेळ काढायला." मग त्यांचा आवाज खाली आला. "चूक माझीही आहे. मी तुम्हा बायांना मूर्ख म्हणत बसलो. सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही."

"खरं कशावरून मानू?" चंद्राबाईनं विचारलं. वीस दिवस एकावर विश्वास ठेवून ती पोळली होती, आता दुसऱ्यावर डोळे मिटून ठेवणार नव्हती.

"मानू नकोस. करून बघ. अर्ध्या वेलावर सावली कर."

तिनं चार काठ्या रोवल्या आणि जुनं लुगडं पसरून सकाळपासूनच अर्ध्या वेलावर सावली धरली. दोन वाजता उन्हातल्या अर्ध्या वेलानं रोजच्यासारख्या माना टाकल्या. लुगड्याखालची पानं मात्र ताठ होती. तिनं ती हातानं चाचपून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. मग तिथंच उन्हात उभी राहून ती रडली. आनंदानं नव्हे हो. बावीस सुया तिनं आपल्या हातानं चुकवल्या होत्या.

पाच वाजता स्वामी लग्नाचं जेवण पचवून आला. मागं नेहमीची गर्दी.

"काल आम्ही नव्हतो, पण आमची कृपा होती. सरी ना?"

"सरी!" सकवारबाई म्हणाली.

चंद्राबाईनं लुगडं ओढून काढलं. "स्वामी, हा अर्धा वेल कुणी उठवला? तीर्थ तर अजून तुमच्या तांब्यात आहे."

स्वामीनं वेलाकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं. "ही... ही देवीची लीला."

"मग उद्या दुपारी दोनला या आणि बाकीचा अर्धा उन्हात उठवा. मी सुईचं नाव घेणार नाही."

"दुपारी देवी निजते!"

भिंतीवरून कुणीतरी फिसकन हसलं. स्वामीचा चेहरा फिरला. त्यानं बाजेवरच्या मथुरेकडं बोट रोखलं. "माजलीस तू! ऐक. ही पोर या वेलाला बांधली आहे. वेलाचा देठ तुटला की हिचा श्वास तुटला. सरी ना?"

या वेळी कुणीच सरी म्हटलं नाही.

चंद्राबाई आत गेली आणि कोयता घेऊन आली.

"चंद्रक्का, नको गं!" सकवारबाई किंचाळली.

चंद्राबाई वेलाच्या बुडाशी बसली. कोयता बुंध्याला टेकवला. मास्तरांचं पटलं होतं, लुगड्याखालची पानं डोळ्यांनी पाहिली होती, तरी वीस दिवसांची भीती एका दुपारीत कशी जावी? खरं असलं तर? एक टक्का जरी खरं असलं तर? तिनं लेकीकडं पाहिलं.

"काप ना, आई," मथुरा म्हणाली. "मला काही नाही होत."

घाव पडला. खच्चकन आवाज झाला. बोराएवढी फळं धरलेला वेल बुंध्यापासून सुटला आणि सगळी गर्दी पोरीकडं वळली.

मथुरा खोकली. कुणीतरी "मेली!" म्हणून हंबरडा फोडला.

"हा रोजचाच खोकला आहे," मथुरा वैतागून म्हणाली. "पाणी द्या कुणीतरी."

गर्दीतून आधी एक हुंदका आला, मग हसू आलं, मग पुरुषांचे आवाज चढले. "फळ उद्या दिसेल, उद्या!" असं म्हणत स्वामी जो निघाला तो तांब्याही उचलायला थांबला नाही. तांब्यातल्या तीर्थाचा मास्तरांनी वास घेतला. नळाचं साधं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकवारबाई पाचदा डोकावून गेली, पोर आहे की गेली ते बघायला. सहाव्यांदा आली तेव्हा घराला कुलूप होतं. चंद्राबाई मथुरेला टांग्यात घालून दवाखान्यात गेली होती.

डॉक्टर क्षमाबाईंनी पोरीची छाती तपासली आणि कार्ड पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बावीस दिवस? अहो बाई, औषध मध्येच सोडलं की हे जंतू निर्ढावतात. कळतंय का काय केलंत?"

"बरी होईल ना?"

"सांगता येत नाही."

चंद्राबाईला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. स्वामी रोज छाती ठोकून सांगायचा, उठेल, उठेल. या बाई, एवढ्या शिकलेल्या, म्हणतात सांगता येत नाही! मग तिच्या ध्यानात आलं, की ज्याला ठाऊक नसेल त्यानं ठाऊक नाही म्हणावं, एवढं साधं खरं तिच्याशी वीस दिवसांत कुणीच बोललं नव्हतं.

"रोज आणलं तर?" तिनं विचारलं.

"तर आशा आहे."

"आणीन. पाठीवर घालून आणीन."

आणि तिनं आणलं. दोन वर्षं औषध चाललं. मथुरा जगली. पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा गेला. जिना चढताना ती मध्ये थांबते, कठड्याला धरते, दम खाते आणि मग पुढची पायरी चढते. औषध चुकलं नसतं तर एवढं नुकसान झालं नसतं, असं क्षमाबाईंना वाटे, पण शपथेवर त्याही सांगायच्या नाहीत.

म्हणून हात जोडून एवढंच सांगणं आहे. देवाला मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर तो बाबा येत नाही त्या दिवशी काय होतं तेही बघा. शेजाऱ्याच्या परसात काय होतं ते बघा. त्याची वेळ सोडून तुमच्या वेळेला करून दाखव म्हणा. आणि घरात आजारी माणूस असेल, तर हे सगळं बघत असतानाही त्याचं औषध एक दिवससुद्धा चुकवू नका. भोपळा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लावता येतो. मथुरेचं फुप्फुस पुन्हा लावता आलं नाही.