वरच्या साची पैज

बासरीत श्रीनिवासकाकांचा हात धरणारं सिंगापूरच्या अख्ख्या बुकित पंजांगमध्ये कुणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मंडळाच्या गणेशोत्सवात कोण वाजवणार, हेही तेच ठरवत. त्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या संजीवनीला यंदा फक्त पाच मिनिटं हवी होती. काकांनी एका वाक्यात निकाल लावला, "तुझा पंचम उतरतो."

उतरत होता, हे तिलाही ठाऊक होतं. पण भौतिकशास्त्र शिकलेली पोर इतक्यात हार मानते थोडीच! शनिवारी तिने चांगीच्या ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याकडून बांबूच्या तीन बासऱ्या आणून काकांपुढे मांडल्या.

"तिन्हींवर खालचा सा, आणि त्याच बोटांनी वरचा सा. जमलं तर वर्षभर तुमची बासऱ्यांची पेटी मी उचलेन. एकीवर जरी चुकलात, तर पाच मिनिटं माझी."

"बासरी ती बासरी! आण इकडे."

पहिली शिनोबुए, बारीक आणि आडवी. चहा निवायच्या आत काकांनी ती उरकली. दुसरीचं नाव ‘शाकुहाची’, जाड, उभी धरायची. काका फुंकायचं भोक शोधू लागले. ते नव्हतंच, वरच्या उघड्या टोकाच्या धारेवर फुंकायचं. वीसेक फुंकरी वाया गेल्या, काका लालबुंद झाले, पण शेवटी वाजली.

"अहो, त्यापेक्षा कुकरची शिट्टी बरी," सुरेखाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तिसरी नोहकान. आखूड, आडवी, अगदी ओळखीची वाटणारी. काका हसले. खालचा सा छान लागला. वरचा मात्र सापर्यंत पोचेना, निषादाच्या आसपासच घुटमळला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. संजीवनीने खिडकीकडे तोंड वळवून हसू दाबलं.

काकांनी बासरी डोळ्याला लावली. "आत काहीतरी अडकलंय." आणि त्यांनी ताटलीतली साते कबाबाची टोकदार काडी उचलली.

संजीवनीची पाचावर धारण बसली. "काका, नको! माझ्या सहकाऱ्याच्या आजोबांची आहे ती! आत मुद्दाम एक बारीक नळी बसवलेली असते. म्हणून जोरात फुंकलं तरी पूर्ण सप्तक चढत नाही."

"म्हणजे माझा कान बरोबर होता!" काकांनी काडी नाचवली. "लबाड पोरी! पैज रद्द."

"रद्द कशी?" पिठाच्या हातांनीच काकू बाहेर आल्या. "वरचा सा ठरला होता ना? आला का?"

"नाही आला," काका पुटपुटले. त्यांनी नोहकान जपून रुमालात गुंडाळली. "घे तुझी पाच मिनिटं. पण पंचम घोटून ये. तुझ्या बासरीत नळीबिळी काही नाही; ती सबब मी ऐकणार नाही."