रुंद टायर

फोन आला तेव्हा टेलर मास्तर एका कोटाची बाही कापत होते. पलीकडे कुणी मुलगी होती, आवाज अनोळखी. म्हणाली, "काका, मॅडमनी गाडी नीट कडेला थांबवली हो. मला काही लागलं नाही." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि ज्याला काही झालंय ते माणूस दुसरंच आहे हे मास्तरांना कळलं.

मास्तरांची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकणारा स्टेअरिंगवर, ही शेजारच्या सीटवर, आणि हिच्या पायाखाली एक जादा ब्रेक. त्या दिवशी छातीत कळ आली तशी तिने मुलीला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं, आपला ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि मग मान टाकली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन मिनिटांचा खेळ होता. ती दोन-तीन मिनिटं तिने गाडी नीट उभी करण्यात घालवली. मास्तरांना यात नवल वाटलं नाही. तिची ओळखच तशी होती.

त्यांची ओळखही गाडीतच झाली होती. मास्तर तिच्याकडे शिकायला गेले आणि परीक्षेत दोनदा नापास झाले. तिसऱ्या वेळी पास झाले, पण तोवर लग्न ठरलं होतं. ती सगळ्यांना सांगायची, याला तिसऱ्यांदा फी लावणं बरं दिसेना म्हणून नवरा करून घेतला. लायसन्स मिळालं ते कपाटात गेलं. बायको चालवत असताना मास्तरांनी चालवायची गरजच पडली नाही.

दिवसभर शिकाऊ लोकांबरोबर गोगलगायीसारखं फिरून ती कंटाळायची. म्हणून तिने स्वतःसाठी एक गाडी घेतली होती. दिसायला चार माणसांची साधी निळी हॅचबॅक, भाजी आणायला न्यावी अशी. इंजिन मात्र असं की पाय ठेवला की पाठ सीटला टेकायची. सुट्टीच्या दिवशी दोघं त्या गाडीतून डोंगराच्या रस्त्याने पलीकडच्या गावाला जायची. ती वळणं अशी घ्यायची, की मास्तर दाराची मूठ धरून दोन्ही पाय पुढे रोवून बसायचे. ती न बघता म्हणायची, "मास्तर, तिकडे ब्रेक नाही. तो कामावर असतो."

मग एका वर्षी तिने टायर बदलले. दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचे काढून दोनशे पंचवीसचे घातले, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर दोन सेंटिमीटरने जास्त रुंद. तिने जेवताना समजावून सांगितलं होतं: रुंद टायर, जास्त पकड, गाडी रस्त्याला चिकटून राहते. त्या खेपेला डोंगराच्या रस्त्यावर मास्तरांना चक्क झोप लागली. जागे झाले तेव्हा गाव आलं होतं. पुढची अकरा वर्षं ते त्या रस्त्यावर असेच झोपत गेले. कुणी विचारलं, भीती नाही वाटत का, तर सांगायचे, "आमच्याकडे दोनशे पंचवीस आहेत." गाडीतलं एवढं एकच त्यांना कळायचं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

ती गेल्यावर गाडी चौदा महिने झाकून उभी राहिली. त्यांची मुलगी डोंगरापलीकडच्या त्याच गावाला दिलेली. ती दर रविवारी फोन करायची आणि प्रत्येक फोनच्या शेवटी गाडीवर यायची. शेवटी एकदा स्पष्टच बोलली, "बाबा, एक तर चालवा, नाहीतर महिन्याच्या आत विका. आईची गाडी अशी सडलेली मला बघवत नाही." मास्तर म्हणाले, चालवतो. म्हणून गेले खरे, पण फोन ठेवल्यावर कपाटातलं लायसन्स काढून बघत बसले. चालवायची म्हणजे डोंगराच्या रस्त्याने चालवायची, कारण मुलीकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. नाही जमलं तर गाडी जाणार, आणि गाडीबरोबर ती सीटही, जिथे बसून त्यांनी अर्धा संसार केला होता.

टायरवाला तिच्या ओळखीचा. दुकान लहान, भिंतीला टायरच्या उतरंडी, रबराचा वास. मास्तर पहिल्या गिअरमध्ये, सगळ्यांच्या शिव्या खात गाडी तिथवर घेऊन आले. टायरवाल्याने आधी गाडीकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि हात पुसत बाहेर आला. खाली बसून त्याने टायरच्या कडेवरची तारीख वाचली. सहा वर्षांचे झाले होते. वरची नक्षी अजून शिल्लक होती, पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. रबर उभ्या उभ्या कडक होतं, तो म्हणाला, हे ओल्या रस्त्यावर धरणार नाहीत.

मास्तर तयारीने आले होते. म्हणाले, "दोनशे पंचवीस द्या. होते तेच."

 टायरवाल्याने टायरवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मास्तरांनी चष्मा लावला. दोनशे पाच होतं. त्यांनी चारही चाकांना फेरी मारली. चारही दोनशे पाच.

मास्तरांचा छापील आकड्यावर विश्वास नव्हता, कापडाच्या ठाणावरही काहीही छापतात. त्यांनी खिशातली टेप काढली आणि गुडघ्यावर बसून टायरची रुंदी घेतली. आठ इंच, वर जेमतेम एक रेघ. दोनशे पंचवीस असता तर नऊ इंचांच्या जवळ जायला हवा होता. मास्तरांनी पुन्हा माप घेतलं. चाळीस वर्षं लोकांचे खांदे आणि कमरा मोजल्या, कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, ते दारातून कळायचं. घरच्या गाडीचं माप मात्र एकदाही घेतलं नव्हतं.

"कधी बदलले?" त्यांनी विचारलं.

टायरवाल्याने स्टूल पुढे केलं. मग त्याने सांगितलं ते असं. रुंद टायर तिने घातले, पण ते तिला चार महिनेही सोसले नाहीत. पूर्ण वळवलं की आतून घासायचे. रस्त्यात जरा चाकोरी असली की गाडी तिच्यामागे धावायची. स्टेअरिंग जड झालं आणि हाताला रस्ता लागेनासा झाला. ती येऊन म्हणाली, काढा हे, माझे जुने घाला. तेव्हापासून दोनशे पाचच.

"मला बोलली नाही," मास्तर म्हणाले.

"मलाही बोलू नका म्हणाल्या होत्या." टायरवाला म्हणाला. "म्हणाल्या, मास्तरांना रुंद टायरवर झोप लागते. लागू दे."

मास्तर स्टुलावर बसून राहिले. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं ते ज्या टायरच्या भरवशावर झोपले, ते गाडीला नव्हतेच. मग वळणांवर गाडी इतकी शांत कशी राहायची, हे त्यांना कळेना. तसं त्यांनी विचारलं.

टायरवाल्याने खाली बसून टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. आधीचे तुमचे संच बाहेरच्या कडेने झिजायचे, तो म्हणाला. वळण जोरात घेतलं की पुढच्या चाकाची बाहेरची कड खाल्ली जाते. त्या वर्षानंतर जे आले ते सगळे असे, मधून कडेपर्यंत सारखे. मॅडम वळणाला हळू झाल्या होत्या.

हे ऐकून मास्तरांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिला एकच गाडी हौसेने चालवायला मिळायची, आणि त्या गाडीतही ती शेजारच्या माणसाला सांभाळत बसली. शिकाऊ लोकांना सांभाळायची तसंच.

"तिची मजा गेली असेल हो, माझ्यापायी."

 खोटं बोलून गिऱ्हाईक सांभाळणाऱ्यांतला टायरवाला नव्हता. "ते मला कसं ठाऊक असणार," तो म्हणाला. "टायर बोलतो ते फक्त चालण्याचं. पण एक सांगतो. हळू चालवणारं माणूस टिकाऊ, कडक रबर मागतं. मॅडम शेवटपर्यंत मऊ रबर मागायच्या, लवकर झिजणारं. मी टोकलं, तर म्हणाल्या, मास्तर झोपले की रस्ता एकटीचा असतो, मला तो हाताला नीट लागला पाहिजे."

मास्तरांनी मान खाली घातली आणि टेप गुंडाळायला घेतली. ती गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिले.

मग प्रश्न उरला तो निवडण्याचा. टायरवाल्याने तीन तऱ्हेचे टायर जमिनीवर आडवे टाकले. दोनशे पंचवीस या रिमवर बसतात, तो म्हणाला, पण घासल्याचा आवाज आला की तुम्ही दचकाल. दोनशे पाच कडक रबराचे घेतलेत तर सात-आठ वर्षं बघायला नको. आणि तिसरं म्हणजे मॅडमचं, दोनशे पाच, मऊ.

मास्तरांनी रुंद टायरवर हात ठेवून बघितला. अकरा वर्षांची झोप तिथेच आहे असं अजूनही वाटत होतं. पण आता ते शेजारच्या सीटवर बसणार नव्हते, आणि गाडी चालवताना झोपून कुणाचं भागत नाही.

"तिसरं घाला," ते म्हणाले.

टायरवाल्याने चारही घातले, हवा भरली, चाकांची रेषा जुळवून दिली. नव्या रबरावर चकचकीत थर असतो, तो निघून जाईपर्यंत सावकाश, त्याने बजावलं. मास्तर म्हणाले, सावकाशीची काळजी करू नका. पहिल्यांदाच दोघं हसले.

मास्तर दुकानातून थेट घरी गेले नाहीत. गाव संपतं तिथवर गेले. दुसरा गिअर, मग तिसरा. खडबडीत रस्ता लागला तसा तो स्टेअरिंगमधून तळहातांना कळायला लागला. खडी कुठली, ओल कुठली, डागडुजी कुठली, सगळं वेगवेगळं. कापड चिमटीत धरलं की पोत कळतो तसं. हे ती दर सुट्टीला धरून असायची आणि ते शेजारी घोरत असायचे. पहिलं वळण त्यांनी इतकं हळू घेतलं की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मास्तरांनी त्याला पुढे जाऊ दिलं. डोंगराचा चढ सुरू होतो तिथे गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, पाच मिनिटं बसले, आणि वळवून परत आले.

रविवारी मुलीचा फोन आला. गाडी विकायची नाही, एवढं त्यांनी सांगितलं. टायर नवे घातले हेही सांगितलं. कोणत्या मापाचे, असं तिने विचारलं नाही. मग कधी येताय, एवढंच विचारलं, आणि मास्तर म्हणाले, बघू.

त्याला आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी ते चढाच्या सुरुवातीपर्यंत जातात आणि परत येतात. मुलीकडे जायचं अजून राहिलं आहे.