लालबाई आणि फुकट्या

मी एक जुनं झुडूप आहे, मित्रांनो. दरवर्षी फुलणारं आणि आता कधीच न फळणारं. या घरात मला 'लालबाई' म्हणत, त्यामुळे मीही स्वतःला बाईमाणूसच समजत आले. जरा टेका, माझं ऐका. माझ्याकडे आता पाखरूसुद्धा फिरकत नाही.

या घरचा मालक घड्याळं दुरुस्त करायचा. त्या घड्याळजीने मला आणलं तेव्हा मी वीतभर होते. सोबत हुबेहूब माझ्यासारखंच दुसरं रोप होतं. खिडकीखाली चार पावलांवर आम्ही दोघं लागलो. घड्याळजीची बायको तेव्हा हिंडतीफिरती होती. भाजी धुतलेलं पाणी ती आम्हांला आणून घाली आणि म्हणे, "वाढा रे बाळांनो, पाखरं वाट बघतायत."

पाचव्या वर्षी आम्ही फुललो. मला हिरवी फळं धरली, ती लालबुंद झाली, आणि देवाने आवतण धाडल्यासारखे बुलबुल आले. शेजारच्याला मात्र नुसतीच पांढरी फुलं.

"पाणी ढोसतो आणि देत काही नाही," घड्याळजी म्हणाला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'फुकट्या'. तो बिचारा काय बोलणार? त्याच्या फुलांवरची मधमाशी उठायची ती माझ्या फुलांवर येऊन बसायची, एवढंच आमचं बोलणं.

पुढे बायकोचे पाय गेले. पलंग खिडकीशी सरकवला. दिवसभर तिच्या कानांवर घड्याळांची टिकटिक आणि डोळ्यांपुढे मी.

"अहो, तुमच्या घड्याळांत सगळे तास सारखेच," ती म्हणायची. "हे मेले बुलबुल फळांवरून भांडायला आले की मला सकाळ झाल्यासारखी वाटते."

एकदा फळं लवकर संपली. "अजून चार असती तर बुलबुल आठवडाभर राहिले असते हो," ती सहज बोलून गेली. घड्याळजीने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला.

"अहो, राहू दे की त्याला!" ती आतून ओरडली.

"दहा वर्षं बसून खातोय. याचं खतपाणी लालबाईला मिळेल. दुप्पट फळं बघ तू!"

"बसून तर तुम्हीही असता. तुम्हांला कोण उपटणार?"

तो हसला. तीही हसली. आणि हसतहसत त्याने फुकट्याला मुळासकट काढलं. प्रेमानेच केलं हो त्याने, मित्रांनो, म्हणून तर सांगताना जीव जड होतो.

पुढच्या वर्षी मी अंगभर फुलले. मधमाश्या आल्या त्या रिकाम्या हातांनी. माझी फुलं वाळून गळाली. बुलबुल आले, एकेक फांदी तपासून निघून गेले. घड्याळजीने आणखी खत घातलं, माझी पानं करपली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शेवटी त्याने रोपवाल्याला बोलावलं.

"हिच्या जोडीचं कुठाय?" रोपवाल्याने विचारलं.

"उपटलं. फळंच नव्हती त्याला."

"अहो, तो नर होता! त्याच्या फुलांतली पूड हिच्या फुलांत पडल्याशिवाय फळ कसं धरेल? म्हणून तर दोन दिली होती."

"मला वाटलं, एक नाही जगलं तर दुसरं असावं म्हणून," घड्याळजी हळूच म्हणाला. दुकानात तो प्रत्येक काट्याला एक जादा काटा ठेवायचा ना!

रोपवाल्याकडे आता एकच रोप उरलं होतं, तेही बियाचं. "नर की मादी, ते फुललं की कळेल. पाचेक वर्षं धरा." घड्याळजीने खिडकीकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिच्या बाबतीत एका वर्षाचंही नाव घेतलं नव्हतं.

त्याने तरी ते रोप लावलं. आणि एका पहाटे, बायको झोपेत असताना, डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने, बारीक तारेत ओवलेले लाल मणी माझ्या फांद्यांना एकेक करून बांधले. एक बुलबुल आला. टक्. चोच मारली आणि उडाला.

तेवढ्यात तिला जाग आली. "अगंबाई, लगडली की हो!"

"म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला.

ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या तुटलेल्या माळेचे मणी होते ते, लग्नाआधी तिने स्वतः ओवलेले. तिचे डोळे भरलेले मी पाहिले.

"छान लागलीत," ती म्हणाली. "आता येतील हं." मग तिने त्याचा हात ओढून उशाशी धरला.

बुलबुल आले नाहीत. महिन्याभरात ती गेली, तोंड खिडकीकडेच होतं.

आणि यंदा, पाच वर्षांनी, ते रोप फुललं. घड्याळजी भिंग लावून एकेक फूल तपासत होता. रोपवाल्याने खूण सांगितली होती. फुलाच्या मधोमध हिरवा इवला गोळा दिसला तर मादी. प्रत्येक फुलात तो गोळा होता. घड्याळजी तिथेच मातीत बसला. उठल्यावर त्याने खिडकी लावून घेतली, ती अजून उघडलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात, घरात एखादा फुकट्या असेल. कुदळ उचलण्याआधी कुणा जाणत्याला विचारा रे. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं, तो माझा निम्मा आहे म्हणून. देव तुमचं भलं करो. कधी इकडून गेलात तर माझ्या फांद्यांवर अजून काही लाल दिसेल. ती फळं नव्हेत. पाखरांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.