सायीचा रंग, पिठाचा रंग

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. तीर्थपुरीत, बाजारामागच्या गल्लीत, भारतच्या घरातल्या बैठकीची. माझ्या विटा रचल्या तेव्हा भारतची माय नंदाबाई नवी नवरी होती. माझ्या गिलाव्यावर तिनेच पाणी मारलं. दर दिवाळीला चुन्यात नीळ कालवून तीच मला उजळायची आणि आलेगेले कौतुक करायचे. पुढे माझ्यावर खिळे आले, कॅलेंडरं आली. मला न्याहाळणारं मात्र कोणी उरलं नाही.

यंदा भारतने रंग द्यायचं ठरवलं. त्याला ऑफ व्हाईट हवा होता, त्याच्या बायकोला, दैवशालाला, आयव्हरी. रंगाऱ्याने माझ्यावर दोन्हींचे ताटाएवढे पट्टे मारून दिले. सकाळच्या उन्हात त्याचा रंग खुलायचा, ट्यूबलाइटखाली तिचा. शेजारी म्हणायचे, दोन्ही सारखेच तर आहेत. वाद काही मिटेना. शेवटी दोघांनी नंदाबाईलाच निवडायला सांगितलं.

ती चाचपडत जवळ आली. तिचा हात दोन्ही पट्ट्यांच्या मधे, माझ्या जुन्या चुन्यावर थांबला.

"हाच बरा हाय," ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माय, तुला दिसून राह्यलं का?" भारतने हळूच विचारलं.

"न्हाई रे. समदं धुरकट दिसतं. ऑपरेशनचं भेव वाटलं, म्हणून सांगितलं न्हाई."

रंगाचं काम तिथंच थांबलं. तपासणीत मोतीबिंदू निघाला. दैवशाला सासूला एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला घेऊन गेली आणि तिच्या उशाशी बसून राहिली. इकडे भारत रोज माझ्यासमोर येरझाऱ्या घालायचा.

जीपमधून उतरून नंदाबाई घरात आली, ती थेट माझ्यापुढेच उभी राहिली. तिने काळा चष्मा काढला. एकेका पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हा सायीवाणी हाय," ती म्हणाली, "अन् हा ज्वारीच्या पिठावाणी. बैठकीला सायीचा द्या."

दैवशालाने हसत हसतच पदर डोळ्यांना लावला. आपला रंग हरला, याचं भारतला भानही नव्हतं.

आता मी झळकते आहे. नंदाबाईला माझ्यावरचं बारीक जाळंही दिसतं, त्यामुळे दैवशालाच्या हातातला झाडू सुटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरची भिंतही अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा. आणि घरातल्या थोरांना नीट दिसतं का, तेही विचारा. ते आपणहून सांगत नाहीत. आमच्या नंदाबाईचा दुसरा डोळा अजून राहिलाय. त्याची तारीख मात्र या वेळी तीच रोज विचारते.