राखीव बाटली

"तुमच्या मुलीला खरं औषधच मिळत होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तिला त्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही."

लिफ्टमिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. शेजारी बसलेल्या बायकोने एक सुस्कारा सोडला आणि पर्स मांडीवर ओढून घेतली. सोळा वर्षांची ठकी मात्र खिडकीशी उभी राहून पडद्याची दोरी खालीवर करण्यात गर्क होती. तिच्याविषयीच बोलणं चाललंय हे तिच्या गावीही नव्हतं.

ठकी स्वमग्न होती. बोलत नसे. मिक्सर लागला की किंचाळून भिंतीवर डोकं आपटायची आणि रात्र रात्र जागायची. अशा मुलांवर या हॉस्पिटलात एका तेलाची चाचणी चालली होती. भांगेच्या झाडातून काढलेलं, पण नशा न आणणारं द्रव्य त्या तेलात होतं. निम्म्या मुलांना ते आणि निम्म्यांना नुसतंच तेल. कुणाच्या वाट्याला काय आलंय, हे चाचणी संपेपर्यंत खुद्द डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मेव्हण्याने तेव्हा विचारलं होतं, "काय दाजी, पोरीला गांजा पाजताय म्हणे?" मिस्त्री म्हणाले होते, "नशा चढत असती तर आधी मीच दोन चमचे घेतले असते."

"पुढच्या टप्प्यात ज्यांना गुण आला त्याच मुलांचं औषध चालू ठेवणार आहोत," डॉक्टरबाई सांगत होत्या. "हिचं थांबवू या. उगाच तिच्या यकृताला ताप कशाला?"

"बरं," बायको म्हणाली. बरं म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मिस्त्रींचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. एक बोटभर भाग बाजारात मिळेना म्हणून अख्ख्या इमारतीला महिनेच्या महिने जिने चढताना त्यांनी पाहिलं होतं. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा एक नेम होता. हाताशी दोन नग असले की एकच वापरायचा, दुसरा राखायचा. या नेमापायी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीला गाढवाचं ओझं झालं होतं.

औषध सुरू झालं आणि पहिल्या काही आठवड्यांतच ठकी झोपू लागली. एका सकाळी मिक्सर लागला तेव्हा तिने नुसते कानांवर हात ठेवले. बायकोचा विश्वास बसेना. तिने रिकामाच मिक्सर पुन्हा एकदा फिरवून पाहिला, आणि मग ओट्याला टेकून रडली. मिस्त्रींना मात्र आनंदाआधी धडकी भरली. चाचणी संपली की हे आणायचं कुठून? दुकानात तर मिळत नाही.

त्या दिवसापासून ते सिरिंजमध्ये निम्मंच औषध घेऊ लागले. उरलेलं निम्मं खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत जाई, आणि ती बाटली हत्यारांच्या पिशवीत. थेंबे थेंबे तळे साचे. हॉस्पिटलात परत दिलेली औषधाची बाटली सिस्टर काट्यावर ठेवून बघायची, पण ती ठरल्याप्रमाणे रिकामीच असे. ठकी औषध घ्यायची तेही फक्त बापाच्या हातून, त्यामुळे बायकोला शंका यायचं कारण नव्हतं. पुढे ठकी पुन्हा जागू लागली, भिंतीवर डोकंही आपटू लागली. हवा बदलल्यामुळे असेल, अशी मिस्त्रींनी स्वतःची समजूत घातली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

आता गप्प बसलं तर कुणाला ताकास तूर लागणार नव्हती. बाटली घरी होतीच, काही दिवस पुरली असती. पण त्यानंतर ठकीसाठी हा दरवाजा कायमचा बंद होत होता.

"बाई, थांबा," मिस्त्री म्हणाले. "तिने औषध पुरतं घेतलंच नाही. मी निम्मं देत होतो."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "का?"

"चाचणी संपली की मिळणार नाही, म्हणून साठवत होतो."

"अहो, तिच्या नावापुढे उपयोग नाही असं लिहून मी मोकळी होत होते! उद्या तिच्यासारख्या मुलांना याच आकड्यांवरून आम्ही नाही म्हटलं असतं. त्यांचे आईबाप कुणाला जाब विचारणार होते?"

"चुकलं, बाई."

"तिची नोंद मला बाजूला काढावी लागेल. पुढचं समिती ठरवेल. मी शब्द देत नाही."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर बायको म्हणाली, "रात्ररात्र मी तिचं डोकं धरून बसत होते. तुम्ही बघत होतात."

"हो."

"आणि बाटली भरत होतात."

मिस्त्रींना मान वर करवेना. लाज म्हणजे काय, हे त्यांना या वयात नव्याने कळत होतं.

संध्याकाळी त्यांनी बाटली आणून दिली. सिस्टरने ती उजेडात धरली. "आता हे कुणालाच देता येणार नाही, काका," असं म्हणून तिने ती टाकाऊ औषधांच्या डब्यात ठेवली.

समितीने ठकीला पुढच्या टप्प्यात घेतलं. गुण येईलच याची हमी कुणी दिली नाही. अट एकच होती, औषध आईने द्यायचं.

पहिल्या दिवशी बायको सिरिंज पूर्ण भरून ठकीसमोर बसली. ठकीने ओठ घट्ट मिटले. मग उठून तिने आईचं मनगट धरलं आणि सिरिंजसकट तिला ओढत बापाच्या खुर्चीपाशी आणलं. तिने ते मनगट बापाच्या हातात द्यायला पुढे केलं.

मिस्त्रींचा हात सवयीने सिरिंजच्या दिशेने निम्म्यापर्यंत गेला. बायको बघत होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, उठून ठकीसमोर उभे राहिले आणि स्वतःच मोठ्ठं तोंड उघडलं.

"आऽ."

ठकीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिनेही तोंड उघडलं. बायकोने सावकाश दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. ठकीने गिळलं आणि ती खिडकीकडे निघून गेली.

मिस्त्री तसेच उभे होते.

"झालं," बायको म्हणाली. "मिटा आता तोंड."