तीस मीटरची लाल चिंधी

मामाने दोर मोजायला घेतला की मामी टीव्हीचा आवाज वाढवायची. तीन आठवडे हे रोज चाललं होतं. जेवणाआधी मामा बाल्कनीत स्टूल टाकून बसायचा, होडीच्या नांगराच्या दोराचं वेटोळं सोडायचा आणि दोर हातातून पुढे सरकवत राहायचा. पाच मीटरवर पिवळी चिंधी, दहावर हिरवी, पंधरावर निळी, असं करत तिसावर लाल चिंधी आली की थांबायचा. मग सगळं गुंडाळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सोडायचा.

लाल चिंधी दर वेळी तिसावरच यायची. शिवून घट्ट बसवलेली चिंधी जाणार कुठे? पण मामाचा संशय चिंधीवर नव्हता, स्वतःवर होता.

भाची आत स्वयंपाकघरात पानं घेत असायची. दोर फरशीवर घासल्याचा आवाज आला की ती वाढता वाढता थांबायची. त्या दिवशी होडी मामाच्या दोरामुळे सुटली नव्हती, हे सांगू शकणारी जगात ती एकटीच होती आणि ती गप्प होती.

नोकरीसाठी ती मामाकडे राहायला आली त्याला वर्ष होत आलं होतं. एम.एस्सी. झाल्या झाल्या तिला इथल्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम मिळालं. इमारत उभी राहायच्या आधी खालची माती किती भार पेलेल, ते तिथे तपासत. मामाने चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली. मोजमापाची हौस दोघांनाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासूनच जमलं. तो तिला 'प्रोफेसरबाई' म्हणायचा. रविवारी मामा आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र, टेलरकाका, मामाची पाच मीटरची होडी घेऊन खडकांआडच्या शांत पाण्यात जायचे, नांगर टाकायचे आणि दुपारपर्यंत गळ सोडून बसायचे. मासा क्वचित मिळायचा. दोरावरच्या रंगीत चिंध्या टेलरकाकांच्या कात्रणांतल्या होत्या.

मग मामाच्या कंबरेत उसण भरली. जुना नांगर नऊ किलोचा, दोन बाकदार आकड्यांचा, गंजून तपकिरी झालेला. तो पाण्यातून ओढताना मामा एकदा वाकला तो दोन दिवस वाकलेलाच राहिला.

"मामा, हे ओझं कशाला वागवतोस? होडीच्या मानाने हलका नांगर मिळतो," भाची म्हणाली होती.

"मिळतो. पण धरतो का?"

"ते आपण मोजू की."

आणि ती कामाला लागली होती. होडीची लांबी, वजन, वाऱ्याचा जोर यांची कोष्टकं तिने आठवडाभर चाळली. शेवटी चार किलोचा नांगर निवडला: दोन रुंद, चपटी, सुरीसारखी पाती, ओढ बसली की तळात रुतत जाणारी. कोष्टकावर विसंबून राहणारी ती नव्हती. तिने प्रयोगशाळेतून ओढ मोजायचा ताणकाटा मागून आणला, ओहोटीच्या वेळी दोन्ही नांगर किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पुरले आणि मामाला आणि टेलरकाकांना मिळून दोर ओढायला लावला. जुना नांगर पस्तीस किलोच्या ताणाला वाळू खरवडत मागे आला. नवा एकशे दहालाही हलला नाही.

"आमचे सासरे असेच यायचे," टेलरकाका म्हणाले. "एकदा बसले की उठायचं नाव नाही."

भाचीने आलेख काढला. नव्या नांगराची निळी रेघ जुन्याच्या तांबड्या रेघेच्या कितीतरी वर. मामाने तो फ्रिजवर चुंबकाने लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. जुना नांगर फाटकापाशी गेला, वाऱ्याने फाटक आपटू नये म्हणून.

नवा नांगर घेऊन ते दोघे चौथ्यांदा गेले तेव्हा वारा उठला. दोघांना डुलकी लागली होती. जाग आली ती होडी खडकावर आदळली तेव्हा. टेलरकाका बाकावरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं, कात्री धरायच्या हाताचं. शेजारून जाणाऱ्या मोटरबोटवाल्याने हाक ऐकली, होडीचा दोर हाताला येईल तसा ओढून नांगरासकट पुढच्या टोकात टाकला आणि त्यांना धक्क्यापर्यंत ओढत आणलं. मामा मित्राचा हात धरून बसला होता. दोर किती सोडला होता ते बघायचं कुणाला सुचणार?

मामाने फोन केला म्हणून भाची धक्क्यावर पोचली, तोवर दोघे हॉस्पिटलला गेले होते. होडीत ती एकटीच उतरली. पुढच्या टोकात दोराचा ढीग होता आणि ढिगावर नवा नांगर. त्याच्या दोन पात्यांमध्ये पाणगवताचा उशीएवढा बोळा घट्ट अडकला होता. तिने बोटाने पात्यांची टोकं चाचपली. स्वच्छ. चिखलाचा कण नव्हता.

तिला लगेच सगळं कळलं. खडकांआडच्या त्या पाण्यात तळाला दाट गवत होतं. हलकी चपटी पाती गवतावरून घसरली, गवत गोळा करत गेली, मातीपर्यंत पोचलीच नाहीत. जुना जड नांगर आपल्या वजनाने गवतातून आरपार जायचा. किनाऱ्यावरच्या वाळूत मोजणं सोयीचं होतं, कारण तिथे उभं राहता येत होतं. होडी मात्र तिथे कधीच नांगरली जात नव्हती. तळाशी काय आहे, हा प्रश्न तिने मामाला विचारला नव्हता. प्रयोगशाळेत रोज दहा माणसांना ती तो विचारत होती.

एवढंच असतं तर चूक म्हणून सांगून मोकळी झाली असती. पण तिने दोन्ही हातांनी तो बोळा ओढून काढला आणि पाण्यात टाकला. मग नांगर खंगाळला, पात्यांच्या बिजागरीत अडकलेले दोन-चार धागेही नखाने काढले. असं का केलं, याचं उत्तर तिला पुढे कितीही वेळा विचार करून सापडलं नाही. बोळा तरंगत थोडा लांब गेला, तोवर ती बघत उभी राहिली, एवढं तिला आठवत होतं.

संध्याकाळी मामाने नांगर उलटसुलट करून पाहिला. "याला तर काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मग दोरच कमी सोडला असणार मी. दोर तोकडा पडला की नांगर उचलला जातो, धरत नाही. लाल समजून दुसऱ्याच चिंधीवर थांबलो."

तेव्हाच सांगता आलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण मामी म्हणाली, "गेल्या महिन्यात गॅसवर पाणी ठेवून झोपलात, आठवतंय ना? आता वय झालं. मान्य करा," आणि मामाने मान हलवली. पहिल्या दिवशी जे सांगायचं राहिलं ते दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड झालं आणि तिसऱ्या दिवशी त्याहून.

मामाने होडी विकायला काढली. शेजारीण मनगटी घड्याळ घेऊन आली तेव्हा तिला म्हणाला, "दुसरीकडे द्या. माझ्या हातून एखादा बारीक स्क्रू हरवला तर?" चाळीस वर्षांत त्याच्या हातून स्क्रू हरवला नव्हता. भाची दाराआड उभी राहून ऐकत होती.

टेलरकाका प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून गप्पा मारायला यायचे. "अरे, मला तर बरंच झालं," ते म्हणायचे. "तीस वर्षांत पहिल्यांदा बायको भात कालवून देतेय." सगळे हसायचे. भाची हसायची आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठायची. फ्रिज उघडावा तर दारावर आलेख.

त्या शुक्रवारी प्रयोगशाळेत एक बांधकामवाला मातीची पिशवी घेऊन आला. तिने वहीत लिहायला पेन उचललं. "माती कुठून घेतली?"

"प्लॉटवरूनच."

"प्लॉटवर नेमकी कुठून? जिथे खांब येणार तिथून?"

"तिथे झुडपं आहेत हो मॅडम. रस्त्याच्या कडेला मोकळं होतं, तिथून घेतली. दहा पावलांवर तर आहे."

"मग ही तपासून उपयोग नाही," ती म्हणाली. "तुम्हाला जिथे सोयीचं तिथली माती भार घेणार नाहीये."

"मॅडम, चिडताय कशाला?"

आपण चिडलोय हे तिला तेव्हा कळलं. तिने पेन ठेवलं, पिशवी परत केली आणि बराच वेळ नळाखाली हात धुतले.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर, चाळिशीचे, उत्साही. त्यांनी होडी धक्क्यावर आधीच पाहिली होती. आता बाकीचं सामान बघायला घरी आले होते. मामाने वल्ही, जॅकेटं, दोर, सगळं बाल्कनीत ओळीने मांडलं होतं. मामीने चहा केला. टेलरकाका होडीच्या सामानाला निरोप द्यायला म्हणून आले आणि खुर्ची अडवून बसले.

"नांगर नवा दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

"हा नांगर म्हणजे पैजेवर घ्या," मामा म्हणाला. तीन आठवड्यांत त्याच्या आवाजात पहिल्यांदा जोर आला होता. "माझ्या भाचीने शास्त्रोक्त तपासलाय. आतमध्ये आलेख आहे, दाखवतो. दोष असेल तर माझा होता, नांगराचा नाही. तुम्ही फक्त दोर मोजून सोडा."

"मी नांगरणार कुठे, तुमच्याच त्या खडकांआड. मुलांना पोहायला शांत पाणी बरं."

 भाचीने हातातली कपबशी कठड्यावर ठेवली.

"तिथे हा नांगर धरणार नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तिथे तळाला गवत आहे. याची पाती गवतात रुतत नाहीत, वरून घसरतात. मी वाळूत मोजलं होतं. वाळूत मोजायला नको होतं." ती आता मामाकडे बघत होती. "मामा, दोष तुझ्या दोराचा नव्हता. त्या दिवशी नांगरात एवढा गवताचा बोळा अडकलेला होता. तुम्ही हॉस्पिटलला होतात. मी तो काढून टाकला."

"काढून टाकला म्हणजे?" मामीने विचारलं.

"पाण्यात टाकला. नांगर धुतला. कुणाला कळू नये म्हणून."

डॉक्टरांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि त्यात बघायला लागले. 

मामा खाली बघत होता. "टोकांना चिखल होता का?" त्याने विचारलं.

"नव्हता. अजिबात."

"गवत किती?"

तिने दोन्ही हात उशीएवढे लांब करून दाखवले.

"म्हणजे तो मुळात धरलाच नाही," मामा म्हणाला. "वारा नव्हता म्हणून पहिले तीन रविवार निभावलं." तो घड्याळाचं मागचं झाकण उघडून बघताना बोलायचा तसाच बोलत होता, सावकाश. मग त्याचा आवाज बदलला. "चूक होते गं. मला तळाचं गवत तीस वर्षं दिसतंय, मीही बोललो नाही. नांगराचं सोड. पण मी इथे रोज बसून दोर मोजत होतो. तू आतून बघत होतीस."

"हो."

"रोज."

"हो, मामा."

 मामा तिला रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही आणि तिच्याकडे बघितलंही नाही.

ती टेलरकाकांकडे वळली. "काका, तुमचा हात माझ्यामुळे—"

"माझ्या हाताचं नंतर बघू," टेलरकाका म्हणाले, आणि त्यात विनोद नव्हता. "आधी त्याचं बघ."

डॉक्टर उठले. "मी पुन्हा कधीतरी येतो."

"नका येऊ," मामी म्हणाली. मग ते कसं ऐकू गेलं असेल ते तिच्या लक्षात आलं. "म्हणजे चहाला या. होडी विकायची का ते आम्हाला पुन्हा ठरवायला हवं." ती रिकामे कप गोळा करत नवऱ्यासमोर थांबली. "मी उगाच बोलत राहिले तुम्हाला. तो गॅससुद्धा मग—"

"गॅस मीच ठेवला होता," मामा म्हणाला. "तो तिच्या माथी मारू नकोस."

टेलरकाका तेवढ्यापुरते हसले. भाचीला हसता आलं नाही.

ती खाली फाटकापाशी गेली. जुन्या नांगराभोवती माती साचली होती आणि एका आकड्याखाली मुंग्यांनी घर केलं होतं. तिने तो हलवून मोकळा केला. नऊ किलो, कोष्टकात लिहायला सोपा आकडा. जिन्याचे दोन मजले चढेपर्यंत तिचे खांदे भरून आले आणि गंजाने तळवे तपकिरी झाले. मामाने हा तीस वर्षं पाण्यातून वर ओढला होता.

बाल्कनीत मामा एकटाच होता. तिने नांगर आवाज न करता फरशीवर टेकवला. मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग दोराचं एक टोक उचलून तिच्यापुढे धरलं.

"धर," तो म्हणाला. "आज तू मोज. मी नुसता बघतो."

ती खाली बसली आणि मोजायला लागली. पाचावर पिवळी आली. दहावर हिरवी. मामा स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघत होता, तिच्याकडे नाही. ती एकही मीटर गाळणार नव्हती.