सतरावी ओळ

ताईने पडद्यावर बोट टेकवलं आणि आकड्यांवरून उजवीकडून डावीकडे सरकवत नेलं. तीन आकडे, स्वल्पविराम. दोन आकडे, स्वल्पविराम. पुन्हा दोन. बोट शेवटाला पोचलं, परत मागे आलं. चूक सापडली नाही.

"बरोबर आहे ना, ताई?" मागे उभ्या असलेल्या शेंडेफळाने विचारलं.

"बघू तर देशील?"

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ताईने आणखी दोन मिनिटं पडद्याकडे डोळे लावले, कारण लगेच हो म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

कंपनी परदेशातली. तिचा स्प्रेडशीटचा प्रोग्राम देशोदेशी चालायचा, आणि तो इथल्या माणसांच्या हाताला बसेल असा करून देणं हे या आठ टेबलांच्या खोलीचं काम. तिकडे दर तीन आकड्यांनी स्वल्पविराम, इथे लाख आणि कोटी. तिकडे चलनाचं चिन्ह आकड्याच्या पुढे, इथले निम्मे दुकानदार ते मागे लिहिणार. मागे लिहिलं की प्रोग्राम त्याला रक्कम मानायचाच नाही; अक्षरं समजून बेरजेतून खुशाल वगळायचा. लोक फोन करून करवादायचे, की बेरीज कमी येते. चौदा वर्षं ताई त्यांना न चिडता सांगत आली होती, "चिन्ह पुढे लिहा, म्हणजे येईल बरोबर." ताईच्या या चिकाटीचं खोलीत कौतुक होतं.

मग तीन महिन्यांपूर्वी ही पोरगी आली. सगळ्यांत धाकटी म्हणून पहिल्याच दिवशी तिचं शेंडेफळ झालं. तिने चार फोन ऐकले आणि जेवताना म्हणाली, "पण लोकांनी का बदलायचं? आपण प्रोग्रामच बदलू ना."

साहेबांचा घास हातातच राहिला. ताईचा पोटात गेला, पण गोड लागला नाही.

आता प्रोग्राम बदललेला होता. चिन्ह पुढे लिहा, मागे लिहा, रक्कम ती रक्कमच. सोमवारी मुख्य कचेरीतून पाहुण्या बाई यायच्या होत्या. काम बघणार, आणि पसंत पडलं तर करणाऱ्याला दोन वर्षांसाठी तिकडे बोलावणार. करणारं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अशी संधी या खोलीत आधी एकदाच आली होती, अकरा वर्षांपूर्वी, आणि ती ताईला. पत्र हातात, साहेबांनी पेढ्याऐवजी साखर वाटलेली. घरी सासूबाई पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव." अडवलं असतं तर भांडता आलं असतं. तुझं तू ठरव म्हणणाऱ्याशी काय भांडणार? ताईने ठरवलं. सासूबाई पुढे आठ वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत सुनेचं नाव काढत राहिल्या. त्याबद्दल ताईची काही तक्रार नव्हती, असं ती सगळ्यांना सांगायची.

"ताई, एवढा शेवटचा मुद्दा राहिलाय. तुमचा." शेंडेफळाने तपासणीचा कागद पुढे केला.

चाळीस मुद्दे, प्रत्येकापुढे सही. चाळिसावा मुद्दा कायम ताईचा: जुनी नमुना फाइल उघडायची आणि बेरीज बघायची. फाइल तिनेच केलेली होती. बाब एक, बाब दोन, अशा चाळीस ओळी आणि पुढे रकमा. बाकीचे लोक नमुन्याला एक-दोन-तीन-चार असले आकडे टाकतात. ताईचे आकडे खऱ्यासारखे होते. ते कुठून आणले हे कुणी विचारलं नव्हतं. बेरीज ९,४१,३५०. तिच्या कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली होती, पण चिठ्ठी बघायची गरज तिला कधी पडली नाही.

शेंडेफळ पाणी प्यायला गेलं. ताईने फाइल उघडली. बेरजेच्या चौकटीत आकड्याऐवजी नुसत्या जाळ्या दिसत होत्या, म्हणजे रकाना अरुंद पडत होता. तिने तो ओढून रुंद केला.

१०,२७,७५०.

बेरीज चुकली होती. थोडीथोडकी नाही, शहाऐंशी हजार चारशेने जास्त. अकरा वर्षांत एकदाही न हललेली बेरीज या हुशार पोरीच्या हातून हलली होती.

खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. पोटातून वर चढत आलेला, कान गरम करणारा आनंद. का चुकली हे शोधायला फार तर दोन मिनिटं लागली असती. ताईने ती दोन मिनिटं खर्च केली नाहीत. तिने रकाना पुन्हा अरुंद केला, फाइल बंद केली आणि चाळिसाव्या मुद्द्यापुढे सही केली. नेहमीसारखीच, खाली रेघ ओढून.

"झालं?" शेंडेफळ हात पुसत आलं.

"झालं हो."

"तुमची सही पडली, आता मला भीती नाही," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

शनिवार-रविवार ताईला चैन पडलं नाही. भाजी करपली. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?"

"कामाचं आहे."

"तुमच्यातली ती पोरगी जाणार म्हणे?"

"बघू," ताई म्हणाली, आणि करपलेलं भांडं इतक्या जोरात घासलं की तो पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. रविवारी दुपारी तिने फोन दोनदा हातात घेतला. शेंडेफळाचा नंबर समोर होता. दोन्ही वेळा तिने स्वतःला सांगितलं, शिकेल आपोआप, आम्हीही ठेचा खाऊनच शिकलो.

सोमवारी पाहुण्या बाई वेळेआधी दहा मिनिटं आल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शेंडेफळ एकेक दाखवत गेलं. लाख आले, कोटी आले, उणे रकमा कंसात गेल्या. चिन्ह पुढून मागे गेलं आणि बेरीज तशीच राहिली. बाई मान हलवत होत्या. साहेब तर जागच्या जागी फुगत होते.

"आता तुमची ती जुनी फाइल उघडा," बाई म्हणाल्या आणि बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला. "दर वर्षीच्या अहवालात तिची बेरीज असते. तेवढी जुळली की झालं."

ताई शेवटच्या खुर्चीत बसली होती. तिने हात मांडीखाली घेतले.

फाइल उघडली. जाळ्या. शेंडेफळाने हसून रकाना ओढला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, चष्मा काढून पुन्हा घातला.

"इथे नऊ लाख एक्केचाळीस हजार आहे. हे दहा लाख सत्तावीस कुठून आलं?"

साहेबांनी शेंडेफळाकडे पाहिलं. "तपासलं होतं ना? चाळिसावा मुद्दा कुणी बघितला?"

शेंडेफळाची पर्स तिच्या खुर्चीवर होती. आत घडी केलेला कागद होता आणि त्यावर रेघ ओढलेली सही. तिची नजर एकदा पर्सकडे गेली, मग शेवटच्या खुर्चीकडे. तेवढीच.

"माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली. "एक मिनिट द्या."

ती वाकून एकेक ओळ बघत खाली जाऊ लागली. ताईला आता नको नकोसं झालं होतं. सतराव्या ओळीवर शेंडेफळाचं बोट थांबलं.

"ही बघा. शहाऐंशी हजार चारशे. या एकाच ओळीत चिन्ह मागे आहे. जुना प्रोग्राम हिला अक्षरं समजून सोडून द्यायचा. नवा धरतोय."

ताईने डोळे मिटले. सतरावी. तिला ओळख पटली. शुक्रवारी ती दोन मिनिटं खर्चली असती तर तेव्हाच पटली असती.

"म्हणजे अकरा वर्षं आपली बेरीजच चुकीची?" साहेब मोठ्याने हसले. "काय हो ताई! तुम्हीच दुकानदारांना सांगायचात, चिन्ह पुढे लिहा म्हणून. आणि तुमच्याच घरात अंधार!"

खोली हसली. ताईसुद्धा हसली, कारण न हसून सांगणार काय?

"मला नाही वाटत चूक आहे," शेंडेफळ हळूच म्हणालं. "चाळिसांत एकच ओळ अशी. ताईंच्या हातून असं होत नाही."

पाहुण्या बाईंना त्या वादात रस नव्हता. माणूस जे लिहितो ते मोजलं गेलं, हे त्यांना पुरेसं होतं. त्यांनी शेंडेफळाला जवळ बोलावून पासपोर्ट आहे का, घरचे काय म्हणतात, असं विचारलं, आणि साहेब लगबगीने चहाचं बघायला गेले. बघता बघता खोली रिकामी झाली. मोठ्या पडद्यावर फाइल तशीच उघडी होती.

शेंडेफळ परत आलं तेव्हा ताई तिथेच बसलेली होती. पोरीने पर्समधून कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"सही होती, म्हणून मी बघितलं नाही."

"मी बघितलं होतं," ताई म्हणाली. "जास्त येतेय हे दिसलं होतं मला. दिसूनच सही केली."

शेंडेफळाने कागदाची घडी सरळ केली, पुन्हा घातली. तिचे कान लाल झाले होते.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघितलं ना, तेव्हा. एवढं वाईट वाटत होतं तर सांगायचंत, ताई. मी दुसरं काम मागितलं असतं."

"वेडी आहेस." ताई म्हणाली. "म्हणून तर सांगितलं नाही."

पोरीने डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या. मग पडद्याकडे वळली, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं. "साहेब म्हणाले, ही फाइल आता बदलून टाक. पण हे आकडे कसले आहेत तेच कळत नाही. नुसतं बाब, बाब."

ताई उठली. पडद्याजवळ जाऊन उभी राहिली, आणि शुक्रवारसारखंच बोट टेकवलं.

"लिहून घे. तुला उपयोगी पडतील. किमती आता वाढल्या असतील, पण काय काय लागतं ते कळेल. पहिली ओळ विमानाचं तिकीट. दुसरी मोठी बॅग. ही तिसरी खोलीचं भाडं, सहा महिन्यांचं. नवव्या ओळीत कोट. तो इथून नेऊ नकोस, इथले तिथल्या थंडीला पुरत नाहीत. दहावी बूट. तेराव्या ओळीत बसचा पास आहे, तो वर्षाचा घेतला की स्वस्त पडतो."

शेंडेफळाने पेन उघडलं होतं, पण ते कागदाला टेकलं नाही. "तुम्ही कधी गेला होतात तिकडे?"

"नाही गं," ताई म्हणाली. "चौदावी ओळ, पांघरुणं. पंधरावी आणि सोळावी भांडी, एकाच माणसाची."

बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"आणि सतरावी?"

"परतीचं तिकीट." ताईने बोट काढून घेतलं आणि पदराला पुसलं, जणू त्याला काही लागलं होतं. "ह्यांनी लिहायला लावलं होतं. लिहिलं. बेरजेत धरलं नव्हतं."